एकाचे दुखणे, साऱ्या घराचे

वाचकहो, आमच्या लोणारच्या सरोवराचे नाव तुम्ही ऐकले असेलच. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेला हा खड्डा पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंद आहे आणि त्याच्या तळाचे पाणी खारे आहे. काठावर कमळजादेवीचे देऊळ आहे. त्या देवळाजवळ एक विहीर आहे, तिला लोक ‘सासू-सुनेची विहीर’ म्हणतात. तिच्या एका अंगाचे पाणी खारे आणि दुसऱ्या अंगाचे गोडे, असे आमच्याकडे सांगतात. देवीच्या दर्शनाला आलेल्या बाया थट्टेने विचारतात, खारी बाजू कुणाची, सासूची की सुनेची? ह्या थट्टेत विहीर एकच आहे, एवढे मात्र सगळ्या विसरतात.

माझे काम ह्याच विसरलेल्या गोष्टीचे आहे. मी लोणार तालुक्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन समुपदेशन करते. समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. कुणाच्या घरात एखाद्याची झोप उडाली असेल, कुणी बोलेनासे झाले असेल, कुणाला वारंवार चक्कर येत असेल आणि डॉक्टरांना तपासणीत काही सापडत नसेल, तर त्या घरी जाऊन सगळ्यांबरोबर बसायचे आणि त्यांनाच त्यांचा मार्ग शोधायला हातभार लावायचा, असे हे काम. लोक मला विचारतात, “बाई, दुखणं त्या एकाचं हाये, मग आमी सगळ्यायनं काहून बसायचं?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्या अंगणातल्या बाजेत आहे. बाजेची एक दोरी ढिली पडली, की ताण दुसऱ्या दोऱ्यांवर जातो. ज्या दोरीवर तो सगळ्यात जास्त येतो ती पहिली तुटते. तुटलेली दोरी आपल्याला दिसते; ढिली पडलेली दिसत नाही. नुसती तुटलेली जागा बांधली, तर चार दिवसांनी तिथेच पुन्हा तुटते. घराचेही तसेच आहे. घरातला जो आजारी दिसतो, तो पुष्कळदा साऱ्या घराचा ताण एकटा सोसत असतो.

हा विचार मी शोधलेला नाही. अमेरिकेत मरे बोवेन नावाच्या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मनोरुग्णाबरोबर त्याचे आईबाप आणि भावंडे ह्यांनाही इस्पितळात राहायला बोलावले आणि साऱ्या कुटुंबाला एक रुग्ण मानून अभ्यास केला. साल्व्हादोर मिनुचिन ह्यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर काम केले आणि १९६७ साली त्यावर सहकाऱ्यांसह पुस्तक लिहिले. आपल्या देशातही हे फार आधी सुरू झाले होते. १९५० च्या दशकातच अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहू दिले. नातेवाईक जवळ असले म्हणजे रुग्णाची भीती कमी होते आणि घरी परतल्यावर त्याला कसे सांभाळायचे हे घरच्यांना तिथेच शिकता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आमच्या विदर्भातही असे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालवला गेला. गावच्या कार्यकर्त्यांनी लोकांमध्ये जाऊन उदासीनतेच्या आजाराविषयी बोलायचे, धीर द्यायचा, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे पोचवायचे, अशी त्याची पद्धत. २०१७ साली त्याचा अहवाल छापून आला. आधी ह्या आजाराच्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण उपचार घेत होते. दीड वर्षात ते २७ झाले. सरकारनेही २०१५ पासून शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आपला बुलढाणा जिल्हा होता. आशाताई घरोघर जाऊन माणसांच्या मनाची विचारपूस करू लागल्या. लसीची नि बाळंतपणाची चौकशी करणारी आशाताई “झोप लागते का, जीव नकोसा होतो का” असे विचारते, हे खेड्याला नवे होते.

आता एका घराची गोष्ट सांगते. घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, पण गोष्टीचा गाभा खरा आहे. घरात आबा, आजी, मुलगा, सून आणि दोन लेकरे. सहा एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन आणि तूर. तेरा वर्षांच्या मोठ्या नातवाचे पोट दिवाळीपासून रोज सकाळी दुखू लागले. शाळेची वेळ झाली की पोरगा पोट धरून बसायचा. मेहकरला दाखवले, जालन्याला नेऊन सोनोग्राफी केली. सगळे साफ. अंगारा झाला, उतारा झाला. मास्तर म्हणाले, पोरगा ढोंग करतो. बापाने एकदा दोन तडाखे दिले. तेव्हा आशाताईंनी मला त्या घरी नेले.

मी संध्याकाळी जाते, धारा काढून झाल्यावर, कारण तेव्हा घर एका जागी असते. पहिल्या दिवशी फारसे विचारत नाही, नुसती बघते. दवाखान्यात माणूस स्टुलावर बसतो आणि डॉक्टर विचारतील त्याचे उत्तर देतो. घरात माणूस आपल्या रोजच्या जागी बसतो, आणि ती जागाच पुष्कळ काही सांगते. आबा ढाळजेत बाजेवर बसले होते, मुलगा अंगणात पाठ फिरवून. चहा आला तेव्हा आबा नातवाला म्हणाले, “तुह्या बापाले इचार, साखर पायजे का.” बाप चार हातांवर होता. पोरगा उठला, विचारून आला. मग बाप म्हणाला, “आबाले सांग, उद्या बियाण्याच्या दुकानदाराले भेटाचं हाये.” पोरगा पुन्हा उठला. तासाभरात त्याने असे आठ-नऊ निरोप पोचवले. आणि तो बसायचा कुठे, तर कोठीच्या खोलीच्या उंबऱ्यावर. त्या खोलीत बियाणे, खताची पोती, फवारणीचा पंप आणि औषधे. आईने सतरंजी टाकून जवळ बोलावले तरी तो तिथेच. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हाही तिथेच.

तिसऱ्या खेपेला मी जमिनीवर तुरीचे दाणे ठेवले. घरातल्या प्रत्येकाने एकेका माणसाचा दाणा मांडायचा, कोण कुणाच्या जवळ, कोण दूर. लिहिता न येणाऱ्या आजीलाही हे सहज जमते. आजीने आबांचा नि मुलाचा दाणा दोन टोकांना ठेवला आणि मधोमध नातवाचा. सुनेने तसेच मांडले. मग मी पोराला विचारले, “तू शाळेत गेलास तर घरात काय होईल?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग दाण्यांकडे बघत म्हणाला, “मंग बाबावर ध्यान कोन ठेवीन?”

वाचकहो, त्या घरात त्यानंतर जो सन्नाटा पडला तो मला शब्दांत सांगता येणार नाही. हळूहळू गोष्ट बाहेर आली. बोअरसाठी कर्ज काढले होते, बोअर कोरडी गेली. दिवाळीत मुलाने एक एकर विकून कर्ज फेडायचे म्हटले. आबा कडाडले. त्या रात्री मुलगा बायकोला म्हणाला, “मी नसलो म्हंजे सुटन सगळं.” थोरांना वाटले, रागाचे बोलणे आहे. पांघरुणात जागा असलेल्या पोराला तसे वाटले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने कोठीचा उंबरा धरला. त्याचे पोट खोटे दुखत नव्हते. भीती पोटात घर करते तेव्हा पोट खरोखरच दुखते. आणि पोट दुखले की घरी थांबता येते, हे त्याला कुणी शिकवायला नको होते.

त्याच्या आईला सगळे ठाऊक होते, पण दवाखान्यात ती बोलली नाही. पोलिसांचे लफडे मागे लागेल, ही तिची भीती. म्हणून इथे सांगून ठेवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले आहे, की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो. त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. आणखी एक गैरसमज असतो, की विचारले तर नसता विचार डोक्यात भरेल. तसे होत नाही. आपुलकीने, स्पष्ट शब्दांत विचारले म्हणजे माणसाला बोलायला वाट मिळते. मी त्या बापाला सगळ्यांपासून बाजूला, गोठ्याजवळ नेऊन सरळ विचारले. तो म्हणाला, “येते मनात. रोज येते.” आणि रडला.

त्याच संध्याकाळी फवारणीची औषधे घरातून हलवली. दाजींच्या शेतावरच्या कुलूपबंद कोठीत ठेवली आणि किल्ली दाजींकडे दिली. हे काम लहान वाटते, पण ते सगळ्यात आधी करायचे असते. श्रीलंकेने अति विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि १९९५ ते २०१५ ह्या वीस वर्षांत तिथले आत्महत्येचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. मरणाचा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. रात्री त्याला एकटे ठेवले नाही. दुसऱ्याच दिवशी दाजी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि उदासीनतेच्या आजारावरची गोळी सुरू झाली. ती त्याने मधेच सोडू नये, ही जबाबदारी सुनेने घेतली.

आता राहिले घर. पोराला “तू काळजी करू नको” असे मी म्हणून भागणार नव्हते. ते त्याच्या बापाने म्हणायला हवे होते, आणि सगळ्यांसमोर. पुढच्या बैठकीत तो पोराला जवळ घेऊन म्हणाला, “माह्यावर पहारा देनं तुहं काम नाही. दाजी हाये, तुही माय हाये, डाक्टर हाये. माह्या मनात तसं आलं तर मी त्यायले सांगीन.” थोरांची कामे थोरांनी उचलली म्हणजेच लेकराच्या डोक्यावरचा भारा उतरतो. मग एक नियम ठरला. आबांनी नि बापाने पोराच्या हाती निरोप द्यायचा नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटे दोघांनी समोरासमोर बोलायचे. विषय कोणताही चालेल. पहिल्या दिवशी दोघे फक्त बैलाच्या खुराविषयी बोलले. आजी मला नंतर म्हणाली, “खुराचं का होईना, बोलले तं सही!”

पण आबा जमिनीचे नाव काढले की का कडाडत होते? ते चौथ्या-पाचव्या बैठकीत कळले. मी त्यांना त्यांच्या वडिलांविषयी विचारले. १९७२ च्या दुष्काळात आबा पंधरा वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांनी तीन एकर रान मातीमोलाने विकले आणि आबांनी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली. विकलेल्या रानाच्या बांधावरून त्यांचे वडील मरेपर्यंत कधी चालले नाहीत. लांबच्या वाटेने जात. हे आबांनी मुलाला कधी सांगितले नव्हते. मुलाला वाटत होते, बापाला माझ्यापेक्षा माती प्यारी. आबांना वाटत होते, पोरगा माझ्या बापाच्या वाटेने निघाला. दोघेही भीत होते, आणि दोघांची भीती एकाच रानातली होती. हे ऐकताना मुलाने प्रथमच आबांकडे तोंड करून पाठ टेकली. घरात तीन-तीन पिढ्यांचे असे काहीबाही न बोललेले साठून राहते आणि चौथ्या पिढीच्या पोटात दुखू लागते.

त्या घरी मी सगळ्या मिळून नऊ वेळा गेले. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. कर्ज आजही आहे. जमीन विकली नाही, एक एकर मक्त्याने दिली, आणि आबा स्वतः मुलाबरोबर बँकेत जाऊन हप्त्यांचे बोलून आले. पोरगा शाळेत जाऊ लागला. पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत धावत घरी यायचा, बापाला बघून परत जायचा. बापानेही त्याला कधी हटकले नाही. मग एके दिवशी तो आला नाही; मैदानावर खेळत राहिला. सुनेने मला मुद्दाम फोन करून सांगितले, “ताई, आज पोरगं जेवाच्या सुट्टीत आलंच नाही!” एरवी ही तक्रार असते, त्या दिवशी ती आनंदाची बातमी होती.

आता तुमच्या मनात येईल, असे घरात बसून सगळेच सुटते काय? नाही. काही गोष्टी पक्क्या सांगते. ज्या घरात बाईला किंवा लेकराला मारहाण होते, तिथे सगळ्यांना एका सतरंजीवर बसवून समेट करायचा नसतो. मारणाऱ्यासमोर मार खाणारी खरे बोलू शकत नाही, आणि बोललीच तर रात्री तिला त्याची किंमत मोजावी लागते. तिथे आधी तिची सुरक्षितता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूने आहे. तसेच कुणाला कानात आवाज येत असतील, कुणी भ्रमात बोलत असेल, तर त्याला डॉक्टर आणि औषध हवेच. घरच्यांची बैठक त्याच्या जोडीला असते, औषधाच्या जागी नव्हे. आणि घर एक मानायचे म्हणजे घराचा दोष सगळ्यांवर सारखा वाटायचा, असेही नाही. बाजाराने पाडलेला भाव आणि न पडलेला पाऊस हे काही घराने केलेले नसते. पण ते ओझे घरात कुणी, कसे उचलायचे, एवढे घराच्या हातात असते.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. खेड्यात कुणाच्या दारी नवे माणूस आले की सारी आळी कान टवकारते. म्हणून मी घरच्या थोरांना आधीच विचारते, की कुठे बसायचे? कधी माजघरात बसतो, कधी शेतातल्या लिंबाखाली. घरातले बोलणे मी दुसऱ्या घरी नेत नाही, आणि नवऱ्याचे बायकोला, सासूचे सुनेला गुपचूप सांगत नाही. जीवाला धोका दिसला तर मात्र गुपित ठेवत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

प्रत्येक गावात असे समुपदेशक पोचलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तोवर तुम्ही काय कराल? घरातले एखादे माणूस एकाएकी बदलले, तर “ह्याला काय झाले” एवढेच विचारू नका. “हा असा झाल्यापासून आपण बाकीचे कसे वागतो आहोत, आणि त्याच्या आधी घरात काय घडले होते” हेही एकमेकांना विचारा. फवारणीचे औषध राहत्या घरात ठेवू नका, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. कुणी “मी नसलो म्हणजे बरे” असे म्हणाले तर ते रागाचे समजून सोडू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटे सोडू नका. गावच्या आशाताईंना सांगा. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ नावाची सरकारी फोनसेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येते. हा आकडा कोठीच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

आणि आज रात्री जेवताना जरा ध्यान द्या. तुमच्या घरातली दोन थोर माणसे एकमेकांशी लेकराच्या तोंडून बोलत असतील, तर त्या लेकराला सुखाने जेवू द्या, आणि निरोप ज्याचा त्याने स्वतः उठून सांगा.